रोजच्या वापराला बचत खातं कुठलं आणि रिवॉर्डवालं क्रेडिट कार्ड घ्यावं का? (आकडेमोडीसकट)

नवी_पेठ

पुण्यात राहतो, पगाराचं खातं बदलायचं आहे. नवीन कंपनी म्हणते, कुठल्याही बँकेचा खातेक्रमांक द्या. हातात पगार ६०,०००, त्यातून गृहकर्जाचा हप्ता १८,००० आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातली मासिक गुंतवणूक) ५,०००. बाकी कार्डाने किंवा यूपीआयने जाऊ शकेल असा महिन्याचा खर्च: किराणा-भाजी ८,०००, ऑनलाइन खरेदी ९,०००, घरपोच जेवण ३,०००, हॉटेलात २,०००, वीज-मोबाइल-इंटरनेट ४,०००, पेट्रोल ४,०००, विम्याचे हप्ते सरासरी ३,०००. बेरीज ३३,०००.

खातं सरकारी बँकेत काढावं, खासगी की सहकारी? कार्ड कॅशबॅकचं की पॉइंटचं? जाहिरातीतली टक्केवारी पाठ झाली आहे. हातात नक्की काय पडतं ते कुणी मांडून दाखवेल का?

काउंटर_तीन

आधी खातं बघू. कार्डाचं बिल शेवटी तिथूनच जाणार आहे.

"कुठल्याही बँकेचा क्रमांक द्या" याचा अर्थ कंपनीचा सगळ्या बँकांशी पगार खात्याचा करार आहे असा होत नाही. पगार जमा होतो म्हणून खातं आपोआप शून्य शिलकीचं होत नाही, ते पगार योजनेखाली उघडलेलं असावं लागतं. अर्ज देताना नेमणूकपत्र जोडा आणि खातं कुठल्या योजनेत उघडलं ते विचारून घ्या. पगार योजनेतलं असलं तरी साधारण सलग तीन महिने पगार आला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलते आणि किमान शिलकीची अट चालू होते. नोकरी सोडलेल्यांना पहिला फटका इथेच बसतो.

किमान शिल्लक म्हणजे रोज तेवढे पैसे पडून असले पाहिजेत असं नव्हे. बहुतेक ठिकाणी मासिक सरासरी धरतात: रोज दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, महिन्याची बेरीज करायची, दिवसांनी भागायचं. अट १०,००० ची असेल तर ३० दिवसांच्या महिन्यात बेरीज ३,००,००० व्हायला हवी. पगाराचे ६०,००० पहिले पाच दिवस हलले नाहीत तर पाच साठे तीनशे, म्हणजे कोटा पुरा. पुढचे पंचवीस दिवस खात्यात शंभर रुपये असले तरी दंड नाही. पण हप्ता २ तारखेला आणि कार्डाचं बिल ३ तारखेला जात असेल तर गणित उलटं फिरतं. म्हणून वजावटींच्या तारखा थोड्या पुढे घ्या.

दंडाचेही नियम आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ पासून लागू केलेल्या नियमानुसार दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा, आधी कळवून एक महिना मुदत द्यायला हवी आणि नुसत्या दंडापायी खातं उणे जाता कामा नये. मोठ्या खासगी बँकांत दंड साधारण तुटीच्या ६ टक्के किंवा ५००-६०० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. सरासरी ७,००० भरली तर तूट ३,०००, दंड १८०, वर जीएसटी ३२, एकूण २१२.

स्टेट बँकेने हा दंड मार्च २०२० मध्येच काढून टाकला. २०२५ च्या मध्यात कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा यांनीही साध्या बचत खात्यांवरचा काढला. तेव्हा शून्य शिलकीसाठी खासगी बँकेकडेच जायला हवं हे आता राहिलेलं नाही.

खडूस

व्याजदर बघून खातं निवडू नका, एवढं माझ्याकडून. जून २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) उतरला तेव्हा स्टेट बँक आणि एचडीएफसी दोघींनी बचत खात्याचा दर २.५ टक्क्यांवर आणला. समोर एखादी स्मॉल फायनान्स बँक "७ टक्के" म्हणते. तो दर अख्ख्या शिलकीवर क्वचित असतो, बहुधा ठरावीक लाखांच्या वरच्या टप्प्यालाच. तुमच्या खात्यात महिनाभर सरासरी २५,००० राहणार. २.५ आणि ४ टक्क्यांत फरक वर्षाला ३७५ रुपये. एक हप्ता परत गेला तर तेवढे एका दणक्यात जातात: शिल्लक नाही म्हणून हप्ता किंवा एसआयपी परत गेली की बँक साधारण २५० ते ५०० रुपये अधिक जीएसटी लावते, आणि कर्ज देणारा आपला दंड वेगळा लावतो.

पैसे खरंच पडून राहत असतील तर ऑटो-स्वीप लावा. ठरावीक रकमेच्या वरचा पैसा आपोआप मुदत ठेवीत जातो आणि गरज पडली की तेवढाच मोडतो, बऱ्याच ठिकाणी शेवटची ठेव आधी. मुदतीआधी मोडल्याचा दर कापला जातो, त्यामुळे महिन्याभरात आत-बाहेर होणाऱ्या पैशाला हे लावण्यात अर्थ नाही.

काउंटर_तीन

खडूस यांच्या हप्त्याच्या मुद्द्यालाच धरून: एक खातं करू नका, दोन करा. पगार, गृहकर्ज, एसआयपी, कार्डाचं बिल एका खात्यात. यूपीआय दुसऱ्या खात्याला, त्यात आठवड्याला पाच-सात हजार टाकायचे. कारणं अगदी व्यवहारी आहेत. एक, रोजचे वीस-तीस यूपीआय व्यवहार पगार खात्यात मिसळले की विवरणपत्रात काही सापडत नाही. दोन, भाजीवाल्याकडच्या कोडवर किंवा एखाद्या लिंकवर फसगत झाली तर नुकसान त्या पाच हजारांपुरतं राहतं. तीन, एका बँकेचा सर्व्हर झोपला तर दुसरी असते. दुसरं खातं मात्र शून्य शिलकीचंच हवं, नाहीतर दोन दंड.

ते दुसरं खातं "मूलभूत बचत ठेव खातं" म्हणूनही उघडता येतं. किमान शिल्लक नाही, एटीएम कार्ड फुकट. पण त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, असल्यास ते ३० दिवसांत बंद करावं लागतं. म्हणून हे वेगळ्या बँकेत काढा.

एटीएमचंही सांगून ठेवतो. स्वतःच्या बँकेचे महिन्याला ५ व्यवहार फुकट. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसह सहा महानगरांत ३, इतरत्र ५. पुणे त्या सहांत नाही, तेव्हा तुम्हाला ५. त्यानंतर १ मे २०२५ पासून व्यवहारामागे २३ रुपयांपर्यंत अधिक कर. शिल्लक बघणं हाही एक व्यवहार धरतात, ते मोबाइलवरच बघा.

मांडवीकाठ

सहकारी बँकेबद्दल कुणी बोललं नाही. आमच्याकडे गोव्यात आणि तिकडे कोकणातही अर्ध्या लोकांचा पैसा सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतो. माणसं ओळखीची, रांग छोटी. रोजच्या व्यवहाराला चालेल का?

काउंटर_तीन

बँक आणि पतसंस्था एका दमात घेऊ नका, इथेच घोळ होतो. सहकारी *बँकेला* रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि ठेव विमा असतो: दर खातेदाराला दर बँकेमागे ५ लाख रुपये, मुद्दल आणि व्याज धरून. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी तो १ लाख होता. *पतसंस्थेला* हा विमा नाही. पासबुक सारखंच दिसतं, पाटीवर मोठ्या अक्षरात "ठेवी सुरक्षित" लिहिलेलं असतं, पण पाच लाखांचं ते छत्र नाही. पगार तिथे घेऊ नका.

पाच लाख हे बँकेमागे आहेत, शाखेमागे नव्हे. डेक्कन शाखेत बचत खातं आणि कोथरूड शाखेत मुदत ठेव, दोन्हींची बेरीज होते. नवराबायकोच्या संयुक्त खात्यात पहिलं नाव बदललं की ते वेगळं धरलं जातं, त्यामुळे ठेवी मोठ्या असतील तर नावांचा क्रम बदलून दोन खाती करतात.

विमा आहे म्हणून पैसा दुसऱ्या दिवशी मिळतो असं नाही. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे १,००० रुपयेच काढता येत होते. २०२१ मध्ये कायदा बदलला, आता निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळते. पण ते तीन महिने गृहकर्जाचा हप्ता कुठून भरणार? म्हणून सहकारी बँकेत ठेव ठेवा, लॉकर घ्या, पण पगार आणि हप्ते दुसरीकडे. शिवाय लहान सहकारी बँका दुसऱ्या मोठ्या बँकेचा आयएफएससी (पैसे पाठवताना लागणारा शाखेचा कोड) वापरतात. पगाराच्या फॉर्मवर तो कोड चुकला की पैसे परत जातात. सारस्वत, कॉसमॉस, टीजेएसबी यांसारख्या मोठ्या सहकारी बँकांना ही अडचण नाही, त्यांचे स्वतःचे कोड आहेत.

सुगरण_आणि_सीए

अवांतर वाटेल, पण नवीन खातं काढताना आधारची गोष्ट बघा. शाखेत "आधार लिंक करू ना?" असं विचारतात आणि आपण हो म्हणतो. खात्याला ओळखीसाठी आधार देणं वेगळं आणि अनुदानासाठी खातं आधारला जोडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात एका आधारला एका वेळी एकच बँक असते, शेवटी जोडलेली. नवीन बँकेने जोडलं की गॅसचं अनुदान, लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये, सगळं गुपचूप तिकडे जाऊ लागतं. मग घरात शोधाशोध: "पैसे आले म्हणतात, पासबुकात तर नाहीत!" आधारच्या संकेतस्थळावर लॉगइन करून "बँक सीडिंग स्टेटस" बघितलं की बँकेचं नाव लगेच दिसतं.

आणि वारस नोंद तिथल्या तिथे करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात, टक्केवारी वाटून किंवा एकामागून एक अशा क्रमाने.

पैसापैसा

आता कार्ड. नवी_पेठ, तुमचेच आकडे घेतो.

३३,००० वर टक्केवारी लावायची नाही. आधी गाळायचं. वीज-मोबाइल, पेट्रोल, विमा या तीन गोष्टींवर बहुतेक कॅशबॅक कार्डं काही देत नाहीत किंवा नाममात्र देतात. ११,००० तिथेच गेले. भाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, सरकारी भरणा, हप्त्यांवर घेतलेली खरेदी, बहुतेकदा शाळेची फी, हेही यादीबाहेर. उरले २२,०००: ऑनलाइन १२,००० (घरपोच जेवण धरून), दुकानात नि हॉटेलात १०,०००.

पहिला नमुना, एसबीआय कॅशबॅक कार्ड: कुठल्याही संकेतस्थळावर ५ टक्के, दुकानात १ टक्का. १२,००० चे ६०० आणि १०,००० चे १००. महिना ७००, वर्षाला ८,४००. वार्षिक शुल्क ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे १,१७९, पण वर्षाला २ लाख खर्च झाला की माफ. तुमचे नुसते २२,००० धरले तरी २,६४,००० होतात. दर महिन्याला कॅशबॅकची कमाल मर्यादा असते, ती अर्ज करायच्या दिवशी ताजी बघा. ७०० भागिले ३३,००० म्हणजे २.१ टक्के. जाहिरातीतले ५ टक्के हातात येईस्तोवर २.१ होतात.

दुसरा नमुना, एका दुकानाशी बांधलेलं कार्ड. अॅमेझॉन पे आयसीआयसीआय: वार्षिक शुल्क कधीच नाही. अॅमेझॉनवर प्राइम सदस्याला ५ टक्के, बिगर-सदस्याला ३, इतर बहुतेक ठिकाणी १. तुमच्या ९,००० पैकी समजा ५,००० अॅमेझॉनवर आणि तुम्ही प्राइम सदस्य: २५० अधिक उरलेल्या १७,००० चे १७० म्हणजे ४२०. पहिल्यापेक्षा कमी, पण शुल्काची चिंता नाही. कॅशबॅक अॅमेझॉनच्याच खात्यात पडतो, बिलातून वजा होत नाही. ज्याचा महिन्याचा खर्च बारा-पंधरा हजारच आहे त्याने हेच घ्यावं.

तिसरा नमुना पॉइंटवाला. समजा दर १५० रुपयांना ४ पॉइंट, शुल्क २,५०० अधिक कर, म्हणजे २,९५०. ऐकायला चार पॉइंट भारी वाटतात. एक पॉइंट रोख घेतला तर बहुधा २० पैसे: ४ गुणिले २० पैसे म्हणजे १५० रुपयांना ८० पैसे, ०.५३ टक्के. २२,००० वर महिन्याला जेमतेम ११७ रुपये. तोच पॉइंट विमान तिकिटाला ५० पैशांनी वापरला तर २९३. वर्षाचे झाले साडेतीन हजार. शुल्क माफ झालं नाही तर उरले ५७०.

आणि बारीक गाळणी अजून पुढे आहे. पॉइंट पूर्ण १५० च्या पटीत मिळतात. १४९ रुपयांच्या बिलाला शून्य. २९९ च्या बिलाला चारच, म्हणजे ०.२७ टक्के. किराण्याची बिलं अशीच असतात, १४०, २८०, ४३५. पॉइंट वटवायला बऱ्याच बँका दर वेळी ९९ रुपये अधिक जीएसटी घेतात. पॉइंट कालबाह्य होतात. पॉइंटचं कार्ड वर्षातून दोन-तीनदा विमानाने जाणाऱ्याचं. घरखर्चाला कॅशबॅक.

मांडवीकाठ

किराणावाल्याकडे कार्डाचं मशीनच नाही, नुसता क्यूआर आहे. मग ते ८,००० चे ८० रुपये कसे मिळणार?

पैसापैसा

बरोबर पकडलंत. क्यूआरवर फक्त रुपे क्रेडिट कार्ड चालतं, व्हिसा-मास्टर नाही. यूपीआय अॅपमध्ये "रुपे क्रेडिट कार्ड जोडा", मग कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत, ओटीपी, आणि वेगळा यूपीआय पिन. पण दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. त्याने स्वतःच्या बचत खात्याचा कोड चिकटवला असेल तर क्रेडिट कार्ड नाकारलं जातं, कारण व्यक्तीला क्रेडिट कार्डावरून यूपीआय करता येत नाही. लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंत यावर शुल्क नाही, वर गेलं की पडतं, म्हणून मोठ्या रकमेला काही जण नाही म्हणतात. तुमचं बरोबर धरून माझा हिशोब दुरुस्त करतो: व्हिसा कॅशबॅक कार्ड एकटं असेल तर महिना ७०० ऐवजी ६२०.

नवी_पेठ

पेट्रोलचं काय? "सरचार्ज माफ" असं सगळ्याच कार्डांवर लिहिलेलं दिसतं.

पैसापैसा

माफ म्हणजे कमाई नव्हे, लावलेला दंड परत. पंपावर कार्डाला साधारण १ टक्का अधिभार लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी. परत मिळतो तो १ टक्का, जीएसटी नाही. ४,००० वर ४० रुपये लागतात, ४० परत येतात, ७ रुपये २० पैसे जातात, आणि बिगर-इंधन कार्डावर रिवॉर्ड शून्य. सवलतीला रकमेची चौकटही असते, बहुधा ४०० ते ५,०००. स्कूटरमध्ये ३५० चं पेट्रोल टाकलं तर तेही परत नाही. पेट्रोल दुसऱ्या खात्यातून यूपीआयने भरा.

खर्च कशात मोडतो हे दुकानाच्या पाटीवरून नव्हे, त्याच्या चार आकडी व्यापारी कोडवरून ठरतं. ५४११ किराणा, ५५४१ पेट्रोल पंप, ४९०० वीज-पाणी, ६३०० विमा, ६५१३ भाडं. अॅपवरून वीजबिल भरलं तरी कोड ४९०० च लागतो, म्हणून "ऑनलाइन ५ टक्के" तिथे मिळत नाहीत. काही बँका महिन्याला ठरावीक रकमेपुढच्या वीजबिलावर आणि अॅपवरून भरलेल्या शाळेच्या फीवर उलट १ टक्का शुल्क लावतात.

लाल_पेन

पैसापैसा यांचं गणित बरोबर आहे, पण ते एका अटीवर उभं आहे. बिल *पूर्ण* आणि वेळेत. ती अट मोडली की काय होतं तेही मांडू या.

बिल ३३,०००. विवरणपत्र ५ तारखेला, भरायची तारीख २५. समजा ३२,००० भरले, १,००० राहून गेले. लोकांना वाटतं व्याज हजारावर लागेल. तसं नाही. बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मोजतात. खरेदी सरासरी विवरणपत्राच्या १५ दिवस आधीची धरली तर भरण्याच्या तारखेपर्यंत ३५ दिवस. दर महिना ३.७५ टक्के, म्हणजे वर्षाला ४५. ३३,००० वर दिवसाला ४० रुपये ६८ पैसे, ३५ दिवसांचे १,४२४. वर १८ टक्के जीएसटी २५६. एकूण १,६८०. हजार रुपये राहिले म्हणून सोळाशे ऐंशी! आणि बाकी शून्य होईपर्यंत नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. तुमचा अडीच महिन्यांचा कॅशबॅक गेला.

म्हणून ऑटोपे, म्हणजे बिल खात्यातून आपोआप जाईल अशी सोय. पण लावताना अॅपमध्ये दोन पर्याय येतात, "एकूण देय" आणि "किमान देय". किमान हे बहुधा ५ टक्के अधिक हप्ते-शुल्क. पर्याय न बघता पुढे दाबलं आणि किमान लागलं, तर दर महिन्याला बिल "भरलं" असा संदेश येतो आणि व्याज चालू राहतं. हे फार घडतं. ऑटोपे नोंदवल्यावर पहिल्या बिलाला ते लागू झालं का ते बघा, दुसऱ्या बँकेच्या खात्यावरून असेल तर नोंदणीला दिवस लागतात. आणि ऑटोपे असताना तारखेच्या आदल्या दिवशी हाताने बिल भरू नका, दोनदा पैसे जाऊ शकतात. ते बुडत नाहीत, कार्डावर जमा राहतात, पण खात्यात खड्डा पडतो आणि हप्ता परत जातो.

उशीर झालाच तर घाबरून जाऊ नका: भरण्याच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेने उशीर शुल्क लावू नये आणि क्रेडिट कंपन्यांना थकबाकी कळवू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे. तारीख पगाराशी जुळत नसेल तर बिलाचं चक्र निदान एकदा बदलून मागता येतं. तुमचा पगार १ तारखेला, तेव्हा भरायची तारीख ६ ते १० च्या दरम्यान येईल असं बघा. काउंटर_तीन यांनी सांगितलेली पाच दिवसांची सरासरीही मग आपोआप साधते.

कार्डावरून रोख काढू नका. बहुधा २.५ टक्के किंवा किमान ५०० रुपये शुल्क आणि पहिल्या दिवसापासून व्याज.

खडूस

"नो कॉस्ट ईएमआय" पण लिहा की. व्याजाएवढी सूट किमतीत देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी, वर दोन-तीनशे रुपये प्रक्रिया शुल्क, आणि रिवॉर्ड शून्य. परदेशी संकेतस्थळावर खरेदी केली तर साधारण ३.५ टक्के मार्कअप (परकीय चलन बदलायचं शुल्क) अधिक कर, ४.१३ टक्के. तिथे ५ टक्के कॅशबॅकचं काय उरतं ते बघा. आणि परदेशात मशीनवर "रुपयांत भरायचं का?" असं विचारलं तर नको म्हणा, तिथला दर त्याहून महाग पडतो.

दूरदेशी

परदेशात नोकरीला गेलेल्यांसाठी एक ओळ. अनिवासी झाल्यावर जुनं बचत खातं तसंच चालवणं परकीय चलन कायद्यात बसत नाही, ते एनआरओ (अनिवासीचं भारतातल्या कमाईचं खातं) करून घ्यावं लागतं. भारतातलं भाडं, लाभांश त्यात. बाहेरची कमाई एनआरई खात्यात, तिचं व्याज इथे करमुक्त. घरच्यांनी रोजच्या खर्चाला वापरायचं खातं त्यांच्याच नावाचं ठेवा.

नवी_पेठ

कार्डासाठी तीन-चार ठिकाणी अर्ज टाकावेत का? जे आधी मिळेल ते घ्यावं?

लाल_पेन

नको. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट अहवालात नोंदली जाते आणि महिन्यात चार नोंदी दिसल्या की "पैशाची ओढाताण" असा अर्थ लावतात. गृहकर्ज चालू आहे म्हणजे इतिहास आहे. आधी सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हायमार्क यांपैकी एकाचा अहवाल काढा. प्रत्येकाकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. गुण ३०० ते ९०० मध्ये, ७५० च्या वर असतील तर एकच अर्ज पुरतो. मग पगार खात्याच्या बँकेच्या अॅपमध्ये "पूर्वमंजूर" कार्ड दिसतं का बघा, कागदपत्रं कमी लागतात. इतिहासच नसेल तर मुदत ठेवीवर कार्ड मिळतं, ठेवीच्या ७५ ते १०० टक्के मर्यादेचं.

अजून एक गफलत. मर्यादा ४०,००० आणि बिल ३३,००० असेल तर बिल पूर्ण भरूनही अहवालात ८२ टक्के वापर दिसतो, कारण बँक विवरणपत्राच्या दिवशीची बाकी कळवते. ३० टक्क्यांखाली हवा असेल तर मर्यादा वाढवून घ्या किंवा विवरणपत्र निघायच्या आधीच २२ हजार भरून टाका.

कार्ड आलं की अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंदच ठेवा. ऑनलाइनची मर्यादा आपल्या खर्चाएवढी, आणि टेकवून भरण्याची (पिनशिवाय ५,००० पर्यंत चालतं) हजार-दोन हजारावर आणा. फोनवरून "कार्ड सुरक्षा योजना" विकतील, नाही म्हणा. फसवणुकीचा व्यवहार दिसला तर आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेत तक्रार आणि तिचा क्रमांक, मग १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक. चूक तुमची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार शून्य. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

नवी_पेठ

जवळजवळ ठरलं. पगार आणि हप्ते सरकारी बँकेत, यूपीआयला दुसरं शून्य शिलकीचं, कार्ड एकच, कॅशबॅकचं. जुनं पगार खातं आणि पडून असलेलं एक कार्ड बंद करायचं आहे. क्रम काय ठेवू?

काउंटर_तीन

आधी त्या खात्याला काय काय चिकटलं आहे ते सोडवा: एसआयपीचं मँडेट (आपोआप वजावटीची बँकेला दिलेली परवानगी), गृहकर्जाचा हप्ता, पीएफच्या केवायसीतलं खातं, प्राप्तिकर परताव्याचं खातं, डीमॅटला जोडलेलं खातं, विम्याची वजावट. एसआयपीचं मँडेट बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तेव्हा त्यापासून सुरुवात. एक पूर्ण महिना जुन्या खात्यातून काहीच वजा झालं नाही हे बघा, मगच अर्ज द्या. विवरणपत्रं आधी उतरवून घ्या, नंतर नेटबँकिंग उघडत नाही. खातं उघडून वर्ष झालं नसेल तर बंद करायचं शुल्क लागू शकतं. असंच सोडून देऊ नका: दोन वर्षं व्यवहार नाही की ते निष्क्रिय, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत. निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही, पण तिथवर जाईपर्यंतची दोन वर्षं दंड चालूच असतो.

कार्डाचं: पॉइंट आधी वटवा, बंद झाल्यावर सहसा जातात. त्यावर चालू असलेली मासिक वर्गणी दुसरीकडे हलवा. मग लेखी अर्ज, अॅपमधून किंवा ईमेलने, म्हणजे तारीख राहते. बँकेने सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नंतर दर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला देय. पण हा नियम बाकी शून्य असेल तरच लागतो, आणि अडकतं ते बहुधा इथेच: शेवटच्या विवरणपत्रात कुठलीशी ३ रुपये ४० पैशांची बाकी असते, ऑटोपे तोवर काढून टाकलेलं असतं, आणि अर्ज तसाच पडून राहतो. तेव्हा अर्जाच्या दिवशी अॅपमध्ये "अनबिल्ड" (अजून विवरणपत्रात न आलेली) रक्कमही बघा, ती भरा, आणि "बाकी नाही" असं पत्र मागून घ्या. तरीही अडलं तर बँकेत तक्रार करा, ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या पोर्टलवर तोच तक्रार क्रमांक टाका.